लिपी कुणी ‘दिली’ हे विचारू नका: इतिहासाच्या पुस्तककारांना खुले पत्र

प्रति,
शालेय इतिहासाची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणारे, तपासणारे व छापणारे सर्वजण

स. न. वि. वि.

प्राचीन जगाच्या प्रकरणात आपल्याकडच्या पुस्तकांत एक ओळ हमखास सापडते. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मजकूर हाच: फिनिशियनांनी लिपी शोधली, त्यांनी ती ग्रीकांना दिली, ग्रीकांनी रोमनांना आणि रोमनांनी साऱ्या युरोपला. खाली रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. मुले पाठ करतात, दोन गुण मिळतात, विषय संपतो.

ही ओळ धडधडीत खोटी नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली असावी. पण तिचा एकेक सांधा तपासून पाहा. रोमनांनी अक्षरे घेतली ती मुख्यतः एट्रुस्कनांमार्फत, म्हणजे रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्यांमार्फत. साऱ्या युरोपने ती रोमनांकडून घेतलीच नाहीत. आणि ‘दिली’ हे क्रियापद तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उलटे लागले आहे. लिपी कुणी कुणाला देत नसतो. ज्याला गरज असते तो ती उचलतो, आपल्या तोंडाला जुळेल तशी वाकवतो, नको ते टाकून देतो आणि टाकलेले कधी कधी दोनशे वर्षांनी परत आणतो. या उचलाउचलीच्या खुणा आपली पोरे रोज सकाळी घोकतात त्या एबीसीडीत अजून जशाच्या तशा आहेत. ही ओळ उघडून दाखवा, एवढेच मला या पत्रात मागायचे आहे.

फिनिशियनांपासून सुरुवात करतो. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या या व्यापाऱ्यांची लिपी २२ चिन्हांची, आणि बावीसही व्यंजने. स्वर वाचणाऱ्याने आपले आपण भरायचे. त्यांच्या भाषेत ते भागत होते. ग्रीकांनी ही चिन्हे इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकाच्या सुमारास उचलली. उचलली हे ते स्वतःच सांगत: ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अक्षरांना ‘फिनिशियन’ म्हणत असल्याची नोंद केली आहे, आणि कॅडमस या पुराणकथेतल्या फिनिशियन राजपुत्राबरोबर आलेल्या लोकांनी ती आणली अशी कथाही दिली आहे. अल्फा, बीटा, गॅमा ही नावे ग्रीक भाषेत निरर्थक आहेत. अलेफ म्हणजे बैल आणि बेथ म्हणजे घर, हे अर्थ मागे किनाऱ्यावरच राहिले.

पुढे आपली पुस्तके लिहितात की ग्रीकांनी स्वरांचा शोध लावला. मोठे भारदस्त वाक्य आहे. प्रत्यक्षात काय झाले असावे? अलेफचा उच्चार घशात बसणाऱ्या एका झटक्याने सुरू होई. ग्रीक कानाला तो झटका व्यंजन म्हणून ऐकूच येत नव्हता. त्याला ऐकू आला तो पुढचा ‘अ’. त्यामुळे अलेफ ‘अ’ झाले. ‘हे’चे एप्सिलॉन, ‘अयिन’चे ओमिक्रॉन, ‘योद’चा आयोटा अशाच वाटेने झाले. ‘वाव’मधून तर दोन अक्षरे निघाली, एक व्यंजन आणि एक स्वर. यात ठरवून केलेली योजना किती आणि कानाची सवय किती, यावर विद्वानांत वाद आहे. मला कानाची बाजू जास्त पटते. शोध म्हणा, पण त्या शोधामागे परक्या भाषेचे बहिरेपण होते हेही सांगा. मुलांना ते फार आवडेल.

अक्षरांचा क्रम मात्र कुणी मोडला नाही. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये मातीच्या पाट्यांवर मुळाक्षरांच्या याद्या सापडल्या आहेत, इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातल्या. तिथली चिन्हे खिळ्यांच्या ठशांसारखी, अगदी वेगळी. पण त्यांतली एक यादी मधली काही अक्षरे वगळली तर पुढे फिनिशियनांनी, ग्रीकांनी आणि रोमनांनी पाळलेल्याच क्रमाने जाते. आपली वर्णमाला कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओठ अशी तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. तिच्यापुढे ए, बी, सी, डी या क्रमाला कसलेही तर्कशास्त्र नाही. तीन हजारांहून अधिक वर्षे तो फक्त जपला गेला. हा फरक आपल्या विद्यार्थ्याला जितका चटकन कळेल तितका लंडनच्या विद्यार्थ्याला कळणार नाही, तरी आपण तो सांगत नाही!

ग्रीकांनी ही अक्षरे पहिल्यांदा कशासाठी वापरली? हिशेबासाठी वापरली असतील तर ते हिशेब नाश पावले. जे उरले ते मजेशीर आहे. अथेन्समधल्या इ.स.पू. ७४०च्या सुमाराच्या एका सुरईवर, जो नर्तक सर्वांत चपळ नाचेल त्याच्यासाठी, अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर, म्हणजे तेव्हाच्या पिथेकुसाय वसाहतीत, १९५४ साली एक पेला सापडला. त्यावर उजवीकडून डावीकडे कोरलेल्या तीन ओळी आहेत: हा नेस्टरचा पेला, यातून जो पिईल त्याला प्रेमदेवता अफ्रोडाइटीची ओढ लागेल. महाकाव्यातल्या वीराचे नाव घेऊन केलेली ही मैफलीतली थट्टा आहे. राजाज्ञा नाही, धर्मग्रंथ नाही. लिपीचा इतिहास नेहमी राजे आणि पुरोहित यांच्यापासून सुरू करणाऱ्यांनी हा पेला पुस्तकात जरूर छापावा.

तो पेला इटलीत सापडला, आणि गोष्ट इथेच फुटते. त्या काळी ‘ग्रीक लिपी’ अशी एक लिपी नव्हतीच. गावोगावी निराळी वळणे, निराळी अक्षरे. एकोणिसाव्या शतकात अडोल्फ किर्खहोफ या जर्मन अभ्यासकाने या स्थानिक लिप्यांचा नकाशा रंगवला. त्यातले निळे, लाल, हिरवे हे रंग आजही लिप्यांच्या गटांची नावे म्हणून वापरतात. पूर्वेकडच्या निळ्या गटात फुलीचे चिन्ह, म्हणजे आपले एक्स, ‘ख’सारख्या उच्चाराला लागे. पश्चिमेकडच्या लाल गटात तेच चिन्ह ‘क्स’साठी. पूर्वेच्या आयोनियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, एचचे चिन्ह दीर्घ ‘ए’ झाले, पश्चिमेत ते ‘ह’च राहिले. इस्किया आणि क्युमी इथे वसाहती करणारे युबिया बेटावरचे ग्रीक लाल गटातले होते. इटलीत पोचली ती त्यांची अक्षरे.

अथेन्सने स्वतःची जुनी लिपी सोडून आयोनियाची लिपी सरकारी दप्तरात स्वीकारली ती इ.स.पू. ४०३-४०२ मध्ये, युक्लिडीस आर्कन (वर्षाचा मुख्य अधिकारी) असताना. तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट नुकतीच उलथली होती आणि लोकशाही परत आली होती. आज ज्याला आपण ग्रीक लिपी म्हणतो ती ही. म्हणजे जिला आपण रोमन लिपीची आई म्हणून दाखवतो, ती अथेन्समध्ये अधिकृत होण्याआधी निदान दीडशे वर्षे रोमच्या फोरममधल्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, काळ्या दगडाखालच्या खांबावर लॅटिन मजकूर कोरून झाला होता. आई कसली, मावशी!

मधले दुवे म्हणजे एट्रुस्कन, आणि त्यांचे नाव आपल्या ओळीत नसतेच. तस्कनीतल्या मार्सिलियाना गावी हस्तिदंताची एक छोटी पाटी मिळाली, इ.स.पू. सातव्या शतकातली. तिच्या कडेला २६ अक्षरे ओळीने कोरली आहेत. त्यांतली काही अक्षरे एट्रुस्कन भाषेला लागतच नव्हती, तरी यादीत ती सांभाळली आहेत. एट्रुस्कनांच्या बोलण्यात ‘ग’ आणि ‘क’ असा भेद नव्हता. त्यांनी गॅमा घेतला आणि ‘क’ म्हणून वापरला. गोलसर होऊन तो ‘सी’ झाला. रोमनांनी तो तसाच उचलला. पण रोमनांच्या तोंडात ‘क’ही होता आणि ‘ग’ही. मग बरीच वर्षे एकाच अक्षरावर दोन्ही ध्वनी चालवले. गायस या नावाचे रोमन संक्षिप्त रूप शेवटपर्यंत ‘जी’ने न लिहिता ‘सी’ने लिहीत राहिले, ते यामुळे.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात कुणीतरी ‘सी’ला एक आडवी रेघ दिली आणि ‘जी’ तयार झाले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याचे श्रेय स्पुरियस कार्विलियस याला देतो, आणि रोममध्ये फी घेऊन चालणारी पहिली शाळा काढणारा माणूसही तोच, असे सांगतो. श्रेय खरे-खोटे कसेही असो, एका शाळामास्तराच्या नावावर एक मुळाक्षर जमा आहे ही गोष्ट आपल्या शिक्षकांना माहीत असायला काय हरकत आहे?

हे नवे अक्षर बसवायचे कुठे? सातव्या जागेवर झेड होते. लॅटिनला त्याचा उपयोग उरला नव्हता, म्हणून ते काढले आणि त्या खुर्चीवर ‘जी’ बसले. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकात, ग्रीस जिंकल्यानंतर, ग्रीक शब्द नीट लिहिण्याची हौस रोमनांना आली. त्यासाठी वाय आणि झेड पुन्हा आणले. रांग आधीच भरलेली, म्हणून दोघांना शेवटी उभे केले. पोरे वाय-झेडवर गाणे संपवतात त्याचे कारण एवढेच. सातवीच्या वर्गात मी हे सांगितले की पहिला प्रश्न येतो: मग जे आणि डब्ल्यू? तीही उशिरा आलेली मंडळी. डब्ल्यू जर्मानिक भाषांच्या गरजेतून दोन यू जोडून झाले. आय आणि जे, यू आणि व्ही यांची फारकत तर छपाईच्या काळातली. इटालियन लेखक त्रिस्सिनोने १५२४ मध्ये तिचा आग्रह धरला. सम्राट क्लॉडियसने पहिल्या शतकात तीन नवी अक्षरे हुकुमाने चालू केली होती. तो गेला आणि अक्षरेही गेली.

लहान अक्षरांवर मी वेळ घालवत नाही. ती फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातल्या मठांतून आली आणि पंधराव्या शतकातल्या इटालियन पंडितांनी ती प्राचीन रोमन समजून पुन्हा उचलली, इतके पुरे.

आता ‘साऱ्या युरोप’कडे. युरोपात लिपी पसरली ती मुख्यतः धर्मामागून, आणि धर्म दोन केंद्रांतून आला. रोमकडून ख्रिस्ती झालेल्या आयरिश, पोलिश, चेक, हंगेरियन लोकांनी लॅटिन अक्षरे घेतली. कॉन्स्टँटिनोपलकडे पाहणाऱ्यांनी ग्रीक वळणाची. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने गॉथ या जर्मानिक लोकांसाठी मुख्यतः ग्रीक अक्षरांवरून २७ चिन्हांची लिपी केली आणि बायबल भाषांतरित केले. त्याने बायबलातले राजांच्या लढायांचे ग्रंथ मात्र गाळले असे चर्चचा इतिहासकार फिलोस्टॉर्गियस लिहितो, कारण गॉथ आधीच लढाईवेडे! त्या भाषांतराची जांभळ्या चामड्यावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली प्रत आज स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात आहे.

पण माझ्या मते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट स्लाव्हांची आहे. आजच्या चेक-स्लोव्हाक प्रदेशातल्या मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने बायझंटाइन सम्राट तिसरा मायकेल याच्याकडे निरोप धाडला: आमच्या भाषेत धर्म शिकवील असा कुणी पाठवा. सम्राटाने ८६३ च्या सुमारास थेस्सालोनिकीचे दोन भाऊ पाठवले, कॉन्स्टँटिन आणि मेथोडियस. कॉन्स्टँटिनने, म्हणजे पुढच्या सिरिलने, स्लाव्ह उच्चारांसाठी लिपी तयार केली. ‘दिली’ हे क्रियापद शोभावे असे हे एक ठिकाण, पण इथेही मागणी आधी आली होती.

व्हेनिसमध्ये लॅटिन पाद्र्यांनी कॉन्स्टँटिनला घेरले. देवाची स्तुती इब्री, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत करायची असते, ही चौथी कुठून आणलीस? त्याचे चरित्र सांगते की त्याने उलट विचारले: पाऊस सर्वांवर सारखा पडत नाही का, सूर्य सर्वांसाठी तळपत नाही का? संस्कृत आणि प्राकृतावरून एकनाथांनी विचारलेला प्रश्न ज्यांच्या कानात आहे त्या मराठी वाचकाला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. पोप दुसरा हेड्रियन याने स्लाव्ह ग्रंथांना मान्यता दिली. सिरिल ८६९ मध्ये रोममध्येच वारला. ८८५ मध्ये मेथोडियसही गेला, रोमचे धोरण फिरले आणि शिष्यांना मोराव्हियातून हाकलले.

त्यांतले काही बल्गेरियात आले. राजा बोरिसला ग्रीक पाद्र्यांवर अवलंबून राहायचे नव्हते, त्याला हे लोक हवेच होते. तिथे, प्रेस्लावच्या परिसरात, नवव्या शतकाच्या अखेरीस दुसरी लिपी घडली: ग्रीक पुस्तकी अक्षरे जवळपास सगळी घेऊन ‘श’, ‘च’, ‘झ’ अशा स्लाव्ह ध्वनींसाठी जादा चिन्हे घातलेली. हिला सिरिलिक म्हणतात. सिरिलने केली होती ती ग्लॅगोलिटिक. तिची वळणे इतकी वेगळी की ग्रीकशी नाते चटकन दिसत नाही. म्हणजे सिरिलिक सिरिलची नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘सिरिलिक लिपीचा जनक सिरिल’ असे छापणाऱ्यांनी हे वाक्य पुढच्या आवृत्तीत तरी काढावे. ग्लॅगोलिटिक क्रोएशियाच्या किनाऱ्यावर पुढे शतकानुशतके टिकली. क्रक बेटावरचा बाश्काचा शिलालेख सुमारे ११००चा आहे. दहाव्या शतकाच्या आसपास ह्राबर नावाच्या भिक्षूने स्लाव्ह अक्षरांची बाजू मांडणारा एक छोटा लेख लिहिला. त्याचा मुद्दा झणझणीत होता: ग्रीक अक्षरे अनेक मूर्तिपूजकांनी कित्येक वर्षे जुळवत आणली, आमची ३८ एका पुण्यपुरुषाने केली, तर मग पवित्र कोणती?

एक्सचे चिन्ह आता पुन्हा बघा. रशियनमध्ये ते ‘ख’सारखे घासून उच्चारतात, कारण ते निळ्या ग्रीकांकडून आले. इंग्रजीत ते ‘क्स’, कारण ते लाल ग्रीकांकडून आले. पोर्तुगीजांच्या हातात ते ‘श’ झाले आणि गोव्याच्या रोमी कोंकणीत आजही ‘श’साठी तेच वापरतात. एका फुलीचा हा प्रवास फळ्यावर काढून दाखवता येतो.

शाळेच्या पुस्तकात घालण्यासाठी आणखी एक गोष्ट हक्काने सुचवतो. रशियातल्या नोवगोरोदच्या चिखलात १९५१ पासून भूर्जाच्या सालींवर ओरखडलेली हजाराहून अधिक पत्रे सापडली आहेत. उधारी, भांडणे, लग्नाची बोलणी, सगळे त्यांत आहे. तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या पोराने गिरवलेली मुळाक्षरे आणि बाराखडीही त्यांत आहे. मध्येच कंटाळून त्याने चित्र काढले आहे: घोड्यावर स्वार, भाल्याखाली शत्रू, आणि बाजूला स्वतःचे नाव.

नंतरच्या काळात लिपी ही राजकारणाची निशाणी झाली. पीटर द ग्रेटने १७०८ ते १७१० मध्ये रशियन अक्षरांची वळणे छपाईसाठी लॅटिनसारखी करवून घेतली. सर्बियाच्या भाषासुधारक वुक कराजिचने १८१८च्या शब्दकोशात लॅटिन ‘जे’ घेतला आणि धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. रोमेनियाने १८६०च्या दशकात सिरिलिक सोडून लॅटिन लिपी घेतली, आपण रोमनांचे वंशज आहोत हे जगाला दिसावे म्हणून. बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात गेला तेव्हा सिरिलिक संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली आणि २०१३ पासूनच्या नव्या युरो नोटांवर चलनाचे नाव तिन्ही लिप्यांत छापू लागले.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रातल्या मुलांना याचे काय? एक तर रोमन लिपी त्यांच्या हातातल्या प्रत्येक फोनवर आहे. दुसरे, ग्रीक अक्षरे आपल्या दारापर्यंत आली होती. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची. पैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. आपली पुस्तके हा विजय सांगतात आणि तो सांगायलाच हवा. पण नहपानाच्या मूळ नाण्यावर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांत भाषा ग्रीक नसून राजाचे प्राकृत बिरुद आहे. मागच्या बाजूला तेच ब्राह्मी आणि खरोष्ठीत. उलट कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान दिले, तर आपली नावे त्यांनी ब्राह्मीत कोरवली. नाण्यावर ग्रीक अक्षरे चालत होती, लेण्यात ब्राह्मी. कुठे काय वाचले जाईल याचा हिशेब त्या लोकांना पक्का ठाऊक होता. आणि १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला फादर स्टीफन्सचे मराठी ओवीतले ख्रिस्तपुराण छापले गेले तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते.

तेव्हा विनंती अशी. नव्या आवृत्तीत त्या एका ओळीऐवजी एक जोडपान द्या. त्यावर भूमध्य समुद्राचा नकाशा हवा, पण सरळ बाणांचा नको. फिनिशियनांचे टायर शहर, युबिया, इस्किया, तस्कनी, रोम ही एक वाट आणि थेस्सालोनिकी, मोराव्हिया, प्रेस्लाव, नोवगोरोद ही दुसरी. पेल्याचे, ओन्फिमच्या चित्राचे आणि नहपानाच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घाला. नाणे छापताना अक्षरे वाचता येतील एवढे मोठे छापा. टपाल तिकिटाएवढ्या काळपट चित्रांनी काही साधत नाही. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना सांगा: ‘युरोपला लिपी कोणी दिली?’ हा प्रश्न काढून टाका आणि ‘झेड हे अक्षर शेवटी का येते?’ हा विचारा, चार गुणांना.

आपला,
इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक
नाशिक